'व इतर' चालणार नाही

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सात अर्जींमध्ये आहे आणि एकाही अर्जीत नाही. अर्जीखाली पहिली सही पुढाऱ्याची, दुसरी दुकानदाराची, तिसरी ज्याचं अक्षर बरं त्याची. मग 'व इतर ग्रामस्थ'. आत्ती त्या इतरांत. आमच्याकडे कचेरीत अर्जी कन्नडमध्ये द्यावी लागते, तिथं 'मत्तु इतररु' असं लिहितात. दोन्ही भाषांत आत्ती शेवटचीच.

अर्जी बसची होती. जोयड्याहून, आमच्या तालुक्याच्या गावाहून, संध्याकाळी सुटणारी सरकारी बस कुंभारवाड्याच्या बाजूला यायची आणि फाट्यावरूनच माघारी फिरायची. फाट्यापासून आत्तीची वाडी दीड तासाची जंगलवाट. तिची मुलगी फाट्याजवळच्या शाळेत सातवीत होती, रोज संध्याकाळी आत्तीच तिला आणायची, आणि जूनपासून तिला जोयड्याच्या हायस्कुलात जायचं होतं. सकाळी उजेडात उतरणं जमण्यासारखं होतं. संध्याकाळचं काय? वाटेत गवे असतात, अस्वल असतं, आणि पावसाळ्यात त्या झाडीखाली चारलाच अंधारतं. आदल्या दोन वर्षांत वाडीतल्या दोघी पोरींनी ह्याच वाटेपायी शाळा सोडली होती. आत्तीची मुलगी तिसरी ठरणार होती.

रस्ता नव्हता असं कुणी म्हणू नये. लाकडाच्या लॉऱ्या त्याच रस्त्यानं वर जात होत्या, भरून खाली येत होत्या. लाकडाला रस्ता होता, पोरीला नव्हता.

सातव्या अर्जीला बस डेपोतून उत्तर आलं. डेपो कुठला ते लिहीत नाही. लिहिलं तर त्रास साहेबाला व्हायचा नाही, कारकुनाला होईल. उत्तरात एक वाक्य होतं: सदर मार्गावर प्रत्यक्ष प्रवाशांची वैयक्तिक मागणी आढळून येत नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझं डोकं तडकलं. 'इतर' लिहायला आम्हाला शिकवलं कुणी? ह्याच कचेऱ्यांनी. आणि आता तेच विचारत होते, ह्यात माणूस कुठं आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची. रामनगरला राहायचे आणि आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. संघटना म्हणजे दहा-बारा माणसं, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. लिहायला मला त्यांनीच शिकवलं. विशेषण दिसलं की खोडायचे. "मागणी कुठाय?" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि बहुतेक वेळा शेवटचंही. माणूस सरळ होता, पण त्यांच्या लाल शाईतून गेल्याशिवाय संघटनेचा एक कागदही बाहेर पडत नसे.

त्याच सुमाराला, नव्वदीचं दशक सरत आलं होतं, रामनगरात एकानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. क्लास कसला, एक मशीन. सकाळी टायपिंग शिकवायचे, दुपारनंतर लग्नपत्रिका. मी तिथं शिकवायला जायचे आणि त्या बदल्यात मशीन वापरायचे. इंटरनेट तिथं नव्हतं, ते बेळगावात. आठवड्यातून एकदा फ्लॉपी पिशवीत टाकून बेळगावची बस धरायची, तिथल्या इंटरनेट कॅफेत बसून पानं वर चढवायची आणि संध्याकाळी परत. संघटनेचं एक पान मी असंच उभं केलं होतं. त्यावर आमची जुनी पत्रकं होती. वाचत कोण होतं? पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली आमच्या भागातली चार-दोन मुलं. एकदा परदेशातून कुणाचं तरी पत्र आलं होतं, त्यानंतर गुरुजी आठवडाभर ताठ चालत होते.

डेपोचं उत्तर वाचलं त्या दिवशी मी ठरवलं की ह्या पानावर आता पत्रक नको. पानाला एक दार हवं. चार चौकोन असलेला फॉर्म: ज्याला जे सांगायचं ते त्यानं त्यात लिहायचं, खाली बटण दाबायचं, की तो मजकूर त्याच्या नावानं, तारखेसह, पानावर सगळ्यांत वर जाऊन बसला. नंतर आलेला त्याच्या वर. आता म्हणे असल्या पानाला ब्लॉग म्हणतात, परवाच बेळगावात ऐकलं. आमच्याकडे तेव्हा त्याला नाव नव्हतं. मी 'फारम' म्हणायचे आणि तिथंच माती खाल्ली. ते पुढं येईल.

गुरुजींना दाखवलं. कागदावर पेन्सिलीनं काढलेले चौकोन त्यांनी चष्मा काढून पाहिले, मग चष्मा लावून पाहिले.

"आणि मंजुरीचा चौकोन कुठाय?"

"कसली मंजुरी?"

"उद्या कुणी काहीही लिहील. शिवी लिहील. आधी मी बघणार, मग चढणार, असं पाहिजे."

"मग ते पत्रकच झालं की, गुरुजी."

"पत्रकात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण त्यात तुमचा आवाज असतो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बाई गं, तुझ्या जिभेला कुणीतरी मंजुरीचा चौकोन लावायला पाहिजे." हसलो दोघंही, पण चौकोन मी घातला नाही. बटणावर काय लिहायचं ह्यावर दुसरं भांडण झालं. ते म्हणाले, 'सादर करा'. मी म्हटलं, सादर कुणाला करायचं, इथं साहेब कोण बसलाय? शेवटी मी 'मांडा' लिहिलं. आपलं म्हणणं माणूस मांडतो, तसं.

हे सगळं चालवायला मागं एक छोटा प्रोग्रॅम लागतो. चौकोनातला मजकूर उचलायचा आणि पानात चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. बेळगावच्या कॅफेतल्या एका जाड पुस्तकातून मी तो वहीत उतरवून घेतला होता. रामनगरच्या मशीनवर तो चालवून बघायची सोय नव्हती. तिथं नुसता टाइप करायचा, चालतो की नाही ते बेळगावात गेल्यावर कळायचं. पहिल्या खेपेला एक अर्धविराम राहिला आणि पडद्यावर नुसती चूक आली. आठवडा गेला. दुसऱ्या खेपेला कंस. आणखी एक आठवडा. तिसऱ्या खेपेला चौकोनात 'चाचणी' लिहून बटण दाबलं आणि ते पानावर सगळ्यांत वर उमटलं. कॅफेवाला लाकडी फळीपलीकडून म्हणाला, "काय मॅडम, लॉटरी लागली काय?"

मराठी अक्षरांचं वेगळंच दुखणं. चौकोनात टाइप करताना इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसायचा. पान तयार झालं की त्यावर आमचा फॉन्ट चढायचा आणि मग मराठी उगवायची. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं कचरा तो कचराच.

आता वाडीत मशीन कुठलं? म्हणून मी तोच फॉर्म सायक्लोस्टाइल करून कागदावर काढला, हुबेहूब तेच चौकोन: नाव, गाव, विषय, मजकूर. आत्तीकडे जाऊन गठ्ठा ठेवला आणि सांगितलं, घरटी एक न्हाई, माणशी एक. लिहून ठेवा. मी जसंच्या तसं आत घालते.

पंधरा दिवसांनी गठ्ठा परत आला. क्लासच्या बाकावर बसून मी पहिला कागद उलगडला. मजकुराच्या चौकोनात सुरुवात अशी:

'मा. कॉम्प्युटर साहेब यांस. हात जोडून विनंती अर्जी ऐसी की.'

दुसरा उलगडला. 'मेहेरबान साहेबांचे चरणी.' तिसरा कन्नडमध्ये, तोही तसाच. शेवटी सगळीकडे आपला आज्ञाधारक, आपला नम्र, आपला गरीब सेवक. मधे कुठंतरी बस, तीही 'कृपा करून मिळावी'. आणि नावाच्या चौकोनात, माणशी एक कागद दिलेला असताना, घरातल्या पुरुषाचं नाव आणि पुढं व इतर. आत्तीच्या कागदावर? काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव, व इतर. स्वतःच्या कागदावर ती स्वतःच इतर होऊन बसली होती.

क्लासवाले मास्तर खांद्यावरून वाचत होते. "चांगलं लिहिलंय की," म्हणाले, "लग्नपत्रिकेत पण असंच असतंय. अमुक व समस्त परिवार."

मी त्या दिवशी आत्तीच्या वाडीवर खूप चिडले. कुणी मारलं तरी काठीला नमस्कार करणारी माणसं, असं काहीबाही बोलले. बोलले ते खोटं होतं, हे माझ्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. मी कागद समोर धरला आणि माझेच चौकोन वाचले. नाव. गाव. विषय. कचेरीच्या अर्जीचा हाच क्रम. मी 'विषय' असा चौकोन घातला होता. बोलताना कोण विषय सांगतं? शेजारीण अंगणात आली तर ती म्हणते का, विषय: मीठ संपल्याबाबत? वर मी त्याला नावही दिलं होतं 'फारम'. फारम म्हटलं की आमच्या माणसाचा हात आपोआप जोडले जातात, आणि ते तसे जुळतील अशी सोय पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. मी कचेरीला शिव्या देत देत कचेरीच बांधली होती, फक्त काचेची.

मग मी चौकोन मोडले. 'विषय' उडवला. 'नाव' खोडून 'तू कोण?' असं केलं. 'गाव' च्या जागी 'कुठली, कुठला?' आणि मोठ्या चौकोनावर 'काय झालं?' बस. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: पहिल्या चौकोनात 'व इतर' आलं की मजकूर घ्यायचाच नाही. त्या फॉन्टात 'व इतर' म्हणजे दोन कंस आणि एक डॉलर असलं काहीतरी होतं, ते शोधायचं आणि समोर पाटी दाखवायची: इतर कोण? त्यांनी आपापलं वेगळं लिहावं.

गुरुजी संतापले, पाटीवर नव्हे, 'तू' वर.

"हे साहेब लोक वाचणार. आणि तू 'तू कोण' म्हणतेस?"

"साहेबाला कुठं म्हणतेय? माझ्या आत्तीला म्हणतेय. तिला मी तूच म्हणते."

"रीत म्हणून काही असते की नाही?"

"रीतीनं सात अर्जी दिल्या, गुरुजी."

त्यावर त्यांनी लाल पेन खिशात घातलं. पटलं म्हणून नाही, मला ठाऊक आहे. पण घातलं.

नवे कागद घेऊन मी पुन्हा वाडीवर गेले. ह्या खेपेला नुसता गठ्ठा ठेवला नाही, आत्तीच्या ओसरीवर ठाण मांडलं. आत्ती चौथीपर्यंत शिकलेली. कागद बघून म्हणाली, "तू कोण? आता हे काय विचारणं झालं? तुला ठावं न्हाई व्हय मी कोण?"

"मला ठावं हाय. त्यांना न्हाई."

"मग ह्यांचं नाव घालू की."

"काका जातात काय गं फाट्यावर पोरीला आणायला?"

"ते कशाला जातील. मीच जाते."

"मग तुझं घाल."

तिनं पेन धरलं आणि थांबली. "माझं लगीन झाल्यापासून म्या माझं नाव लिवलंच न्हाई बघ. सही मारायची तर अंगठा बरा, म्हणतात सगळी." शेजारची वैनी जात्यावरून ओरडली, "लिव की गं, का नाव इसरलीस?" आत्ती म्हणाली, "तुझ्यासारखं न्हाई, तुझा नवरा तर तुला 'ए' म्हणतोय, तू काय लिवणार, ए?" अख्खी ओसरी हसली. हसता हसता आत्तीनं आपलं नाव लिहिलं. एकेक अक्षर, दाबून, कागद फाटेल इतकं दाबून.

खाली तिनं जे लिहिलं ते मी इथं एका ओळीचाही बदल न करता देते. आम्ही पानावर चढवलं ते असंच:

'संध्याकाळी मी फाट्यावर जाते. हातात कोयता आणि डबा. डबा वाजवत येते मागं पोर. गेल्या सालात अस्वल आलं तवा डबा वाजीवला, गेलं. बस फाट्यावर वळती. बसमंदी जागा हाय, मी बघते रोज, निम्मी रिकामी. डायवर फाट्यावर बिडी वडतो तेवढ्यात वर येऊन परत जाईल. माझी पोर शाळा सोडणार न्हाई. मी सोडू देणार न्हाई.'

विनंती कुठंही नाही. मागणी शोधा म्हणाल तर तीही नाही. गुरुजींनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "मागणी कुठाय" निघालं नाही.

वाडीतून एकोणतीस कागद आले. एकोणतीस नावं, त्यांत सोळा बायका. आत्ती म्हणाली, बटण मी दाबणार. म्हणून ती माझ्याबरोबर बेळगावला आली, घडीचं लुगडं नेसून. कॅफेवाल्यानं नेमकं त्या आठवड्यात मशीन बदललं होतं आणि नव्या मशीनवर आमचा फॉन्ट नव्हता. आत्तीनं 'मांडा' वर बोट ठेवलं, म्हणजे माऊसवर माझ्या हातावर हात ठेवून, आणि पानावर उमटली ती इंग्रजी अक्षरांची भेळ.

"हे माझं नाव?"

"फॉन्ट घालायला हवा," मी कॅफेवाल्याला म्हटलं. "फ्लॉपीत आहे."

"बाहेरची फ्लॉपी चालत नाही, मॅडम. व्हायरस येतो."

"दर आठवड्याला हीच फ्लॉपी घालते मी."

"ते जुन्या मशीनवर. हे नवं हाय."

आत्ती खुर्चीतून उठली नाही. त्याला म्हणाली, "बाबा, मी तीन बसा बदलून आलेय. माझं नाव वाचल्याबगर जाणार न्हाई. तुला पाहिजे तर दुकान बंद कर, मी बसते हितंच." तो माझ्याकडे बघू लागला. मी भिंतीकडे बघितलं. त्यानं फ्लॉपी घेतली, पुसली, आत घातली. पान परत उघडलं आणि आत्तीनं आपलं नाव काचेवर वाचलं, मोठ्यानं, आडनावासकट. मग पुढचा सगळा मजकूरही मोठ्यानं वाचला. शेजारच्या मशीनवरची कॉलेजची पोरं खेळ थांबवून ऐकत बसली.

हे पान वाचून कुणी बस सोडणार नाही, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. आम्ही एकेकाचं म्हणणं वेगळ्या कागदावर छापून घेतलं. प्रत्येकावर गुरुजींनी स्वतः कन्नडमध्ये दोन ओळींचा सारांश लिहिला, लाल नव्हे, निळ्या शाईत. आणि वाडीतल्या अकरा जणी, गुरुजी आणि मी, डेपोच्या कचेरीत गेलो.

कारकुनानं गठ्ठा घेतला, आवकेची वही उघडली आणि वरच्या कागदावरचं नाव लिहायला लागला. पुढं त्यानं सवयीनं 'मत्तु', म्हणजे 'व', लिहिलं.

मी म्हटलं, "थांबा. ती अर्जी एक नाही. एकोणतीस आहेत."

"विषय एकच आहे की. एकाच नंबरावर घेतो."

"विषय नाहीच. बघा, कुठं विषय लिहिलाय काय?"

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. खरंच नव्हता. "विषय नसलेला कागद कसा नोंदवू?"

"नावानं नोंदवा. तुमच्याच साहेबांनी लिहिलंय, वैयक्तिक मागणी आढळत नाही. आता आढळली की."

आत्ती पुढं झाली. "माझा नंबर मला दे, बाकीच्यांचा बाकीच्यांना. तुझी वही सरली तर दुसरी काढ."

तो गुरुजींकडे वळला. वयस्कर माणूस, काही समजूत काढेल म्हणून. "सर, तुम्ही तरी सांगा."

गुरुजी म्हणाले, "मी काय सांगणार? मी फक्त भाषांतर केलंय."

त्यानं लिहिलं. एकोणतीस ओळी, एकोणतीस नंबर. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. आम्ही सगळ्या उभ्याच होतो. एकीनं त्याला आपल्या डब्यातली भाकरी देऊ केली, तर तो म्हणाला नको, आणि मग घेतली.

मे संपता संपता वाडीवर टपाल आलं. पोस्टमनला एकोणतीस पाकिटं घेऊन चढावं लागलं, ह्याबद्दल त्यानं आमच्या संघटनेला जे काय म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. सगळ्यांत एकच मजकूर: जूनपासून एक महिना प्रायोगिक तत्त्वावर संध्याकाळची बस वाडीपर्यंत सोडण्यात येईल, प्रवासी आढळल्यास पुढं चालू ठेवण्यात येईल. प्रायोगिक तत्त्वावर. लाकडाच्या लॉऱ्यांचा प्रयोग कुणी कधी केला होता?

शाळा सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी मी जोयड्याहून त्या बसमध्ये होते. आत्तीची मुलगी खिडकीशी, दप्तर मांडीवर. आत्ती मुद्दाम सकाळीच जोयड्याला उतरली होती आणि आता ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली होती. वाडीतली आणखी सात-आठ माणसं होती. बाहेर झडीचा पाऊस.

फाट्यावर बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "उतरा. पुढं रस्ता निसरडा हाय. आज जमणार न्हाई."

कंडक्टरनं दार उघडलं. कुणी उठलं नाही.

"अव्वा, उतरा की," कंडक्टर आत्तीला म्हणाला.

"मी उतरत न्हाई. तिकीट वाडीचं हाय."

"बस इथनं वळणार."

"वळव. मी आतच हाय. तू जोयड्याला ने, मी जोयड्याला येते. उद्या सकाळी पोरीची शाळा तिथंच हाय, बरंच झालं."

मागून कुणीतरी हसलं. आत्तीनं मांडीवरची पिशवी उघडली आणि सुपारी कातरायला घेतली, जणू घरच्या ओसरीवर बसली होती. मुलीनं दप्तरातून पुस्तक काढलं. ड्रायव्हरनं आरशातून सगळ्यांकडे पाहिलं. त्याच वेळी वरून लाकडानं भरलेली एक लॉरी त्याच निसरड्या रस्त्यानं खाली आली, आमच्या शेजारून घासून गेली, आणि चिखलाचा फटका बसच्या काचेवर बसला.

ड्रायव्हरनं काच पुसली. चावी फिरवली, गियर टाकला आणि बस चढाला लावली.